हेसेच्या ‘सिद्धार्थ’मध्ये नायक नेमका कुठे बदलतो?

प्रश्न थोडक्यात असा: हरमन हेसेच्या ‘सिद्धार्थ’ कादंबरीत नायक ब्राह्मणाचा मुलगा, श्रमण (रानात तप करणारा भटका), व्यापारी, जुगारी आणि नावाडी अशा अवस्थांतून जात शेवटी ज्ञानी होतो. त्याच्या व्यक्तिरेखेचा विकास दाखवायचा म्हणजे या अवस्था एकापुढे एक मांडायच्या का? आणि नदीकाठी तो जीव द्यायला निघतो, तोच कथेचा कळस धरायचा का?

अवस्था मांडून कथानक सांगून होईल, विकास सांगून होणार नाही. कळसही नदीकाठी नाही. तो दोन प्रकरणे पुढे, ‘मुलगा’ या दहाव्या प्रकरणात आहे. सिद्धार्थाजवळ पहिल्यापासून एक गोष्ट आहे: आपण चारचौघांपेक्षा वेगळे आहोत ही जाणीव. तो घर सोडतो, श्रमणांना सोडतो, बुद्धालाही सोडतो, पुढे पैसा सोडतो. ही जाणीव मात्र दर वेळी नवा वेश घेऊन त्याच्याबरोबर निघते. ती कधी आणि कशाने मोडते, हे शोधले की उत्तराला कणा मिळतो.

त्याआधी दोन गैरसमज दूर करायला हवेत. कादंबरीचा नायक म्हणजे गौतम बुद्ध नव्हे. आपल्याकडे सिद्धार्थ म्हटले की शुद्धोदनाचा पुत्रच डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे मराठी वाचकाची इथे हमखास गल्लत होते. हेसेने नायकाला बुद्धाचे नाव दिले आहे, पण बुद्ध वेगळा ठेवला आहे. तो गोतम या नावाने तिसऱ्या प्रकरणात, श्रावस्तीच्या जेतवनात, नायकाला प्रत्यक्ष भेटतो. दुसरे म्हणजे, धम्म समजून घ्यायला हे पुस्तक उपयोगाचे नाही. बाबासाहेबांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मधला, समाजाच्या दुःखाची चिकित्सा करणारा बुद्ध ज्यांच्या मनात ठसला आहे, त्यांना हेसेचा बुद्ध फारच अबोल वाटेल. हेसे त्याची शिकवण चार ओळींत आटोपतो आणि त्याची चाल, लोंबता शांत हात, हाताची बोटे यांच्याकडे पाहत राहतो. पोहोचलेला माणूस दिसतो कसा, एवढेच त्याला तिथे दाखवायचे आहे.

पुस्तक १९२२ साली आले. पहिल्या भागात चार प्रकरणे, दुसऱ्यात आठ. त्यावरून चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्ग असा मेळ लावण्याचा मोह अनेकांना होतो. उत्तरात त्यावर एका वाक्यापेक्षा जास्त खर्च करू नका, कारण प्रकरणागणिक पडताळायला गेलात की तो मेळ बसत नाही. त्यापेक्षा लेखनाचा इतिहास कामाचा आहे. हेसेने १९१९च्या अखेरीस लिहायला घेतले, १९२० साली दुसऱ्या भागाच्या मध्यावर तो अडला आणि दीडेक वर्ष पुढे सरकला नाही. शोधणारा, सोसणारा सिद्धार्थ त्याला लिहिता आला. ज्याला सापडले आहे तो लिहिता येईना. मधल्या काळात, १९२१ साली, तो मनोवैज्ञानिक कार्ल युंगकडे मनोविश्लेषणासाठी जात होता. नदीकाठच्या नैराश्यानंतरचा भाग हा असा थांबून, उशिरा लिहिलेला आहे, आणि माझ्या मते कादंबरीतला सर्वांत कसदार भाग तोच आहे.

आता मुद्द्याकडे. विकास मोजायला एक पट्टी कादंबरीनेच दिली आहे. पाचव्या प्रकरणात कमला ही गणिका त्याला विचारते, तुला येते काय? तो तीन गोष्टी सांगतो: विचार करता येतो, वाट पाहता येते, उपाशी राहता येते. पुढे कामस्वामी या व्यापाऱ्यासमोर तो उपासाचा फायदाही समजावतो: ज्याला भूक लागली की लगेच कामाला जुंपून घ्यावे लागत नाही, तो शांतपणे वाट पाहू शकतो. या तीन कला पेन्सिलीने अधोरेखित करा आणि पुस्तकभर त्यांचा माग काढा. त्या कमावल्या जातात दुसऱ्या प्रकरणात, श्रमणांबरोबरच्या सुमारे तीन वर्षांत. तिथे तो आधी पंधरा आणि मग अठ्ठावीस दिवसांचा उपास करतो. पाचव्या-सहाव्यात त्यांच्या जोरावर तो शहरात पाय रोवतो. सातव्यात, ‘संसार’ या प्रकरणात, गोडधोड, मद्य आणि फाशांच्या खेळात त्या गंजतात. आठव्यात तो स्वतःच मोजदाद करतो, की तिन्हींपैकी एकही आता उरली नाही.

बहुतेक उत्तरे इथे थांबतात: ‘त्याने मिळवले आणि गमावले.’ गाठ पुढे आहे. वाट पाहण्याची कला दहाव्या प्रकरणात परत येते आणि तिथे ती दोष ठरते. ते पुढे पाहू.

आधी त्या वेगळेपणाच्या जाणिवेचे पुरावे. पहिल्या प्रकरणात सगळे त्याच्यावर प्रेम करतात, आईवडील, मित्र गोविंद, गल्लीतल्या मुली. तो मात्र स्वतःवर खूश नाही. श्रमणांत गेल्यावर तो बगळ्यात शिरतो, मेलेल्या कोल्ह्यात शिरतो, आणि लगेच गोविंदाला सांगतो की गुत्त्यात बसलेला गाडीवानही थोडा वेळ असाच स्वतःपासून सुटतो. निरीक्षण अगदी खरे आहे. पण ते कुठून येते पाहा: तो सगळ्यांकडे जरा वरून पाहतो. साठीला आलेला ज्येष्ठ श्रमण अजून निर्वाणाला पोहोचला नाही, पुढेही पोहोचणार नाही, हे तो म्हणतो. आणि निघताना त्याच वृद्धाला नजरेने भारून टाकून त्याच्याकडून आशीर्वाद घेतो. दृश्य गमतीदार आहे. त्यामागचा अहंकार मात्र नजरेतून सुटू देऊ नका.

बुद्धासमोरही हेच घडते, फक्त जास्त सभ्यपणे. सिद्धार्थ म्हणतो, तुमची कार्यकारणाची साखळी अखंड आहे, पण मुक्तीच्या जागी तिला एक फट आहे. शिवाय तुम्हाला बोधिप्राप्तीच्या क्षणी जे झाले ते शब्दांत घालून देता येत नाही. दुसरा मुद्दा कादंबरीची मध्यवर्ती कल्पना आहे: ज्ञान सांगता येते, शहाणपण सांगता येत नाही. सगळे तिथेच रेघ मारतात. माझा आग्रह बुद्धाच्या उत्तरासाठी आहे. तो वाद घालत नाही. मतांच्या झाडोऱ्यापासून जप म्हणतो, आणि निरोप देताना फाजील हुशारीपासून सावध राहायला सांगतो. पुढची सात प्रकरणे या इशाऱ्याचा हिशेब चुकवण्यात जातात. म्हणून सिद्धार्थ बुद्धाला ‘ओलांडून’ गेला असे लिहिणे चूक. त्याचा आक्षेप बरोबर आहे, पण आक्षेप घेणारा अजून कच्चा आहे. दोन्ही वाक्ये एकाच परिच्छेदात यायला हवीत.

शहरात तो सामान्य लोकांना बालमाणसे म्हणतो. पैसा, मान, भांडणे यांसाठी जीव टाकणारी ही माणसे त्याला करमणूक वाटतात. सहाव्या प्रकरणातला तांदळाचा प्रसंग इथे हाताशी ठेवा. भाताचे पीक विकत घ्यायला तो एका गावी जातो, तर माल आधीच दुसऱ्याला विकला गेलेला. तरी तो काही दिवस तिथेच राहतो, शेतकऱ्यांत मिसळतो, मुलांना पैसे वाटतो, एका लग्नात जेवतो आणि मजेत परततो. कामस्वामी चिडतो. वरवर हे अनासक्तीचे सुंदर उदाहरण आहे, आणि तसे ते परीक्षेत लिहिलेही जाते. पण ज्याला तोट्याची झळ लागत नाही, त्याला कशाचीच झळ लागत नाही. याच प्रकरणाच्या शेवटी तो कमलेला सांगतो की बहुतेक माणसे गळून भिरभिरणाऱ्या पानांसारखी असतात, थोडी ताऱ्यांसारखी. अशा ताऱ्यांत तो गोतमाला धरतो. कमला म्हणते की हा पुन्हा त्याच्याबद्दलच बोलतो आहे, पुन्हा श्रमणाचेच विचार करतो आहे, आणि त्याला प्रेम करता येत नाही हे ती सांगते. तो कबूल करतो: आपल्यासारख्यांना ते जमत नसावे, बालमाणसांना जमते, तेच त्यांचे गुपित. पुढे काय फेडावे लागणार आहे ते इथे लिहून ठेवलेले आहे.

नदीकाठचा प्रसंग का पुरत नाही? चाळिशीच्या आसपास, सोन्याच्या पिंजऱ्यात मेलेल्या गाणाऱ्या पाखराचे स्वप्न पाहून तो शहर सोडतो. नदीवर वाकलेल्या नारळाला टेकून पाण्यात झोकून देणार, तोच आतून ‘ओम्’ उमटतो. तो तिथेच गाढ झोपतो. जाग येते तेव्हा पहाऱ्याला गोविंद बसलेला असतो, आणि गोविंद मित्राला ओळखत नाही. प्रसंग मोठा आहे, पण इथे जे संपते ते विटणे आहे, अहंकार नव्हे. उठल्यावर तो पोरासारखा आनंदी होतो आणि स्वतःच्या चुकांवरही खूश होतो: हे सगळे मला भोगावेच लागणार होते, बरे झाले. ज्याच्याकडून हे वाक्य येते तो अजून स्वतःच्याच गोष्टीचा नायक आहे. दुसऱ्या कोणासाठी त्याचे काहीच दुखलेले नाही.

ते दुखते मुलामुळे. मरणासन्न बुद्धाच्या दर्शनाला निघालेली कमला नदीकाठी सर्पदंशाने मरते आणि तिला सिद्धार्थापासून झालेला अकरा वर्षांचा मुलगा आता नावाडी झालेल्या सिद्धार्थाच्या झोपडीत राहतो. मुलाचे नावही सिद्धार्थच. तो शहरात वाढलेला, नोकरांवर हुकूम सोडायची सवय असलेला. त्याला केळी खाऊन राहणारे दोन म्हातारे, सिद्धार्थ आणि त्याला आसरा देणारा नावाडी वासुदेव, असह्य होतात. तो काम करत नाही, वासुदेवाच्या झाडांची फळे लुटतो. आणि सिद्धार्थ काय करतो? वाट पाहतो. रागावत नाही, मारत नाही, एकही काम सांगत नाही. प्रेमाने हा जिंकला जाईल असे धरून बसतो. वासुदेव एका रात्री त्याला बाजूला घेऊन जे म्हणतो त्याचा आशय असा: तू त्याला मारत नाहीस हे ठीक, पण तुझ्या मायेने तू त्याला बांधतोस, तुझ्या चांगुलपणाने रोज त्याला लाज आणतोस. ज्या सहनशीलतेवर नायक उभा होता, तीच इथे पोराच्या गळ्यातला फास होते. वासुदेव पुढे विचारतो, तुला संसारापासून कोणी वाचवू शकले होते का? बापाची भक्ती, गुरूंचा उपदेश, तुझे स्वतःचे ज्ञान, यातले काही कामी आले?

मुलगा अखेर ओरडून द्वेष ओकतो, आणि दुसऱ्या दिवशी उताराच्या पैशांची टोपली घेऊन, नाव पलीकडे नेऊन पळून जातो. दोघे बांबूंचा तराफा बांधून नदी ओलांडतात. नावेत वल्हे नसते. पाठलाग करू नकोस, हाच त्याचा अर्थ असावा, असे वासुदेव हसून सुचवतो. सिद्धार्थ तरीही जातो. शहराच्या वेशीवर कमलेच्या जुन्या बागेपाशी येऊन तो थांबतो आणि धुळीत बसून राहतो, वासुदेव येऊन हात लावीपर्यंत.

हा प्रसंग पहिल्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचा. तिथे सिद्धार्थ बापाच्या खोलीत हात बांधून रात्रभर उभा राहतो. बाप पुन्हा पुन्हा उठून डोकावतो, आणि पहाटे जाऊ देतो. जाताना एवढेच सांगतो की रानात आनंद सापडला तर परत ये आणि मलाही शिकव. सिद्धार्थ कधीच परत जात नाही. दोन्ही पळण्यांत साम्य आहे म्हणून भागत नाही, फरक जास्त बोलका आहे. त्याने परवानगीची वाट पाहिली, मुलाने चोरी केली. त्याच्या बापाला एका रात्रीत सोडता आले; याला, इतकी साधना करूनही, महिनोन्‌महिने सोडता आले नाही. वडील घर न सोडता जे करू शकले ते पोराला अर्धे आयुष्य हिंडून जमले नाही, हे हेसे मोठ्याने सांगत नाही. तुम्ही सांगा.

अकराव्या प्रकरणात परिणाम दिसतो. नावेत मुलांना घेऊन बसलेल्या उतारूंचा त्याला हेवा वाटतो: चोरांनाही मुले आहेत, माझ्यापाशीच का नाहीत? बालमाणसे आता त्याला भाऊ वाटतात, कारण त्यांची आंधळी माया त्याच्या अंगी आली आहे. सहाव्या प्रकरणातले ‘गुपित’ त्याला कळले, पण समजून नव्हे, दुखून. मग एके दिवशी तो पुन्हा शहराकडे निघतो आणि नदी त्याला हसते. पाण्यात वाकून पाहतो तर स्वतःच्या चेहऱ्यात बापाचा चेहरा. तोही असाच मुलाविना झुरून मेला असेल. कादंबरीचे सर्वांत जवळून वाचावे असे पान कोणते विचाराल तर हेच. बापाबद्दलचा विचार या माणसाच्या मनात इतक्या वर्षांत पहिल्यांदा असा शिरतो. नदीच्या हजार आवाजांचा एक ओंकार ऐकू येण्याचे वर्णन त्यानंतर येते, आधी नाही. वासुदेवापाशी मन मोकळे करूनच येते. हा क्रम उत्तरात बिघडू देऊ नका. जखम आधी, ऐक्य नंतर.

शेवटचे प्रकरण वाचताना एक तांत्रिक बदल टिपून घ्या. इथवर आपण बहुतांशी सिद्धार्थाच्या मनातून पाहत होतो. बाराव्यात आपण गोविंदाबरोबर येतो आणि बाहेरून पाहतो. हेसेला दुसरा मार्ग नव्हता. ‘मला अहंकार उरला नाही’ हे नायकाने आतून सांगितले असते तर सगळे मुसळ केरात गेले असते. सिद्धार्थ दगड हातात घेऊन काळ खरा नाही, हा दगड आत्ताच सर्व काही आहे, असे बरेच बोलतो. ते भाषण पाठ करून कादंबरीचे तत्त्वज्ञान म्हणून लिहू नका, कारण आपले शब्द वेडेपणाचे वाटतील हे तो स्वतःच म्हणतो आणि गोविंदालाही ते चमत्कारिकच वाटतात. गोविंदाला जे कळते ते कपाळाचे चुंबन घेतल्यावर, चेहऱ्यांच्या ओघात. त्यांत तान्हे मूल आहे, खुनी आहे, मासा आहे. शहाणपण शब्दांनी देता येत नाही, हा तिसऱ्या प्रकरणातला दावा इथे लेखकाने रचनेतून खरा केला आहे.

वासुदेवाला सरसकट ‘गुरू’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे, संतचरित्रांवर वाढलेल्या वाचकाला तसे वाटणारच. पण तो मंत्र देत नाही, दीक्षा देत नाही, परीक्षा घेत नाही. तो ऐकतो आणि वल्हवतो. गुरूपेक्षा श्रोता हा शब्द त्याला जास्त बसतो. नदीबद्दलही ‘नदी म्हणजे जीवनाचे प्रतीक’ एवढ्यावर सुटू नका. पहिल्या वेळी ती फक्त ओलांडायची असते. मग ती जीव द्यायची जागा होते, मग शिक्षक, मग हसणारी साक्षीदार. तिची भूमिका जिथे बदलते, नेमका तिथे सिद्धार्थही बदलतो.

कादंबरीच्या उणिवा सांगितल्या तर गुण कमी होत नाहीत. कमला ही या पुस्तकाची खरी अडचण आहे. ती आधी शिक्षिका, मग त्याच्या मुलाची आई, आणि मुलगा पोहोचवायचे काम झाले की साप. तिचा स्वतःचा प्रवास आहे: धंदा सोडते, बाग बुद्धाच्या भिक्षूंना देते, मुलाला घेऊन पायी निघते. पण हे सगळे पडद्याआड, काही ओळींत. ‘संसार’ प्रकरणातही वर्षे भराभर सांगून टाकली आहेत. सिद्धार्थ कसा कडवट झाला हे प्रसंगातून कमी दिसते आणि लेखकाच्या तोंडून जास्त कळते. हेसेचा भारत घराण्यातून आणि ग्रंथांतून आलेला. आजोबा हेर्मान गुंडर्ट थलश्शेरीला मिशनरी, मल्याळम कोशाचे कर्ते. आईचा जन्मही मलबारचा. हेसे स्वतः १९११ साली सिलोन, सुमात्रापर्यंत आला, भारताच्या भूमीवर मात्र फिरला नाही. कोसलातल्या नदीवर नारळ वाकलेला दिसतो तो बहुधा त्यामुळेच.

लिहिताना हिशेब असा ठेवा. हजार शब्दांच्या उत्तरात तीनच प्रसंग घ्या: बापाच्या खोलीतली रात्र, कमलेपुढे सांगितलेल्या तीन कला, आणि मुलाचे पळून जाणे. प्रत्येकाला दोन-अडीचशे शब्द द्या, उरलेल्यात पाण्यातला चेहरा आणि गोविंदाची नजर. प्रत्येक प्रसंगात तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत: त्या वेळी त्याला काय हवे आहे, तो कशाच्या जोरावर ते मागतो, आणि तो जोर कुठे निकामी ठरतो. तिसरी गोष्ट सांगता येत नसेल तर प्रसंग बदला. शशी कपूर आणि सिमी गरेवाल यांचा १९७२चा चित्रपट पाहून लिहायला बसू नका. त्यातली दृश्ये देखणी आहेत, पण वरचा सगळा हिशेब ज्या बारकाव्यांवर उभा आहे ते पानावरच सापडतात. वेळ कमी असेल तर आठवे प्रकरण चाळा आणि दहावे दोनदा वाचा.